पाहुण्यांच्या नावाला जागा नव्हती

खरं तर हे बाहेर सांगायचं नाही, अशी पाटणकर मुख्याध्यापिकाबाईंची ताकीद आहे. पण तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही.

आमच्या भित्तिपत्रकाच्या उद्घाटनाला गावच्या दैनिकाचे संपादक निमकरसाहेब आले होते. मागे माझ्या मैत्रिणीने, शलाकाने, त्यांना पत्र लिहिलं होतं: हमासच्या हल्ल्यात गेलेल्या इस्रायली मुलींची नावं, फोटो, आवडीनिवडी तुम्ही छापल्यात, ते योग्यच केलंत. मग गाझात मारल्या गेलेल्या मुलांचा नुसता आकडा का? पत्र छापलं नाही. फोनवर साहेब एवढंच म्हणाले, "बाळ, जागा नसते."

साहेबांनी फीत कापली आणि ते फळ्यावरची समारंभाची बातमी वाचू लागले. ती आम्ही आदल्या दिवशीच लिहिली होती. हार आणणारे शिपाईकाका, माईकवाले, फीत धरणाऱ्या मुली, सगळे तिच्यात नावानिशी होते. शेवटी होतं, 'एक पाहुणे उपस्थित होते.'

"अगं, पाहुण्यांचं नाव कुठंय?" साहेबांचा चेहरा लाल झाला.

"काढ ते खाली!" बाई शलाकावर कडाडल्या. "आजपासून तुमचं भित्तिपत्रक बंद!"

शलाका म्हणाली, "नाव माहीत होतं, सर. पण जागा नव्हती."

साहेबांनी पुन्हा फळ्याकडे पाहिलं. बातमीखालचा अर्धा कागद कोरा होता.

 मग साहेब म्हणाले, "राहू द्या ते, बाई. पोरी, त्या मुलांची नावं आहेत तुझ्याकडे?"

आज पेपर आलाय. मी मोठ्याने वाचतेय. सलमा, वय नऊ. युसुफ, वय सहा. त्याची धाकटी बहीण... आले गं आई, आले!