रिकाम्या मांडीची माऊली

फार वर्षांपूर्वी, आमच्या वसईकडच्या कोळीवाड्यातलं चर्च अजून झावळ्यांनी शाकारलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथे सांतान नावाचा सुतार होता. होडी बांधावी तर त्यानेच, असं म्हणतात. पण हात कितीही बसलेला असो, घाई कुणाला सोडत नाही. एका होडीला त्याने लाकडात गाठ असलेली फळी लावली. भर समुद्रात गाठ निसटली, पाणी शिरलं, होडी बुडाली. बाकीचे पोहत परत आले. पिदादबायचा एकुलता एक मुलगा इनास तेवढा आला नाही.

समुद्राने नेलेल्या माणसाला कबर नसते. पिदाद रोज किनाऱ्यावर जाऊन ओहोटीची वाळू धुंडायची. गावाने समजूत घातली, मग गावही थकलं.

त्याच वर्षी पाद्रीबाबांनी सांतानला मूर्ती करायला सांगितली. क्रुसावरून उतरवलेला मुलगा मांडीवर घेऊन बसलेली मरियामाता. सांतानने आधी माऊली कोरली. मुलासाठी ओंडका घेतला, तेव्हा पिदाद दारात येऊन उभी राहिली. मूर्तीकडे बघत म्हणाली, "तिला तिचा पोर मांडीवर तरी गावला. माजा कुठं हाय?"

सांतानने पटाशी खाली ठेवली. तो म्हणाला, "बाय, फळी माज्या हातची. गाठ मला दिसली व्हती."

पिदादने वाकून पटाशी उचलली आणि त्याच्या हातात दिली. तिने त्याला शिव्याशाप दिले असते तर बरं झालं असतं, असं सांतान मरेपर्यंत म्हणायचा. ती एवढंच बोलली, "मंग हिची मांडी रिकामी ठेव."

त्याने ठेवली. पाद्रीबाबा चिडले, पण उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, तोंडावर आला होता, दुसरी मूर्ती आणणार कुठून? तीच बसवली. त्या दिवशी पिदादने इनासचा सदरा आणला आणि माऊलीच्या मांडीवर आडवा निजवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर सदरा ओलाचिंब. पिळला तर खारं पाणी निघालं, आणि खिशात मूठभर वाळू.

पाद्रीबाबांचा राग तिथेच विरला. त्यांनी सदरा पुरायला मयताची पेटी करायला सांगितली. सांतानने एकेक फळी उन्हात धरून गाठ तपासली. आत फक्त सदरा होता, तरी पेटी उचलायला चार माणसं लागली आणि चौघांचेही गुडघे वाकले, असं म्हणतात. चौघांत सांतान होता. त्याच्या खांद्यावरचा वळ पुढे कधी गेला नाही, आणि त्याने पुन्हा होडी बांधली नाही.

पिदादला कबर मिळाली. ती तिथे बसून पहिल्यांदा मोठ्याने रडली.

आजही कुणी समुद्रातून परतलं नाही, तर त्याची आई त्याचा सदरा त्या मांडीवर ठेवते. तो पेटीत घालून पुरतात. पेटीला चौघे खांदा देतात, आणि ती हलकी होती असं आमच्या गावात आजवर कुणी म्हटलेलं नाही.