रेडिओवरचं पांघरूण

रेडिओ आधी तापायचे आणि मग बोलायचे, त्या काळी सुमतीबाईंनी आपल्या रेडिओसाठी एक लोकरीचं पांघरूण विणलं. पुढे रेडिओ गेला. मुलाच्या मोटारीत सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर आला, तेव्हा धूळ बसू नये म्हणून त्यांनी तेच पांघरूण त्याला घातलं.

पांघरूण हरखलं. पुन्हा पोटाशी गाणं आलं होतं! पण बराच वेळ वाजून घाट लागला की अ‍ॅम्प्लिफायर मध्येच मुका होई.

"आता गप्प बसलास, तर मालक तुला काढून टाकणार आहेत बरं," मागचा स्पीकर एकदा अ‍ॅम्प्लिफायरला म्हणाला.

पांघरूण घाबरलं. पोर अजून पुरतं तापत नाही, आपलीच ऊब कमी पडते, असं वाटून त्याने अ‍ॅम्प्लिफायरला घट्ट कवटाळलं.

"आजोबा, सोडा हो! जीव गुदमरतोय."

"अरे, तापल्याशिवाय आवाज फुटतो का कधी? आमचा रेडिओ..."

"तुमचा रेडिओ तापला की बोलायचा. मी तापलो की गप्प होतो. मला वारा लागतो, आजोबा."

आपण आजवर माया केली, की नुसतं झाकून ठेवलं, हे पांघरुणाला ठरवता येईना. पुढच्या वळणावर गाडी कलली, तेव्हा त्याने आपल्या कडा सैल सोडल्या आणि ते घसरून खाली पडलं.

गाणं थांबलं नाही. रेडिओ असतानाही पांघरूण गाण्याच्या इतकं जवळ असे की त्याला नुसती थरथर कळायची. आज पहिल्यांदाच त्याला शब्द ऐकू आले.