काट्यावरचा पिराजी

उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात पिराजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती, तर 'जरा इकडे कान दे' म्हटलं की दोन्ही हातांनी कान धरून पुढे यायचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तो रात्रपाळीला होता. उसाने भरलेली ट्रॉली काट्यावर घ्यायची आणि वजन झालं की पुढे सोडायची, एवढंच काम. उरलेल्या वेळात तो खायचा. रात्री झोप येऊ नये म्हणून खायचा, आणि सकाळी घरी जाऊन झोप यावी म्हणून खायचा. अशाने माणूस फुगणार नाही तर काय होणार?

नऊ वर्षं तो हंगामी कामगार होता. यंदा कारखान्याने त्याला कायम करायचं ठरवलं, तेवढ्यात डॉक्टरांची सही आडवी आली. देशमाने डॉक्टरांनी त्याचं वजन केलं. सत्त्याण्णव किलो.

"पंच्याऐंशीवर आलात तर सही करीन," डॉक्टर म्हणाले. "दोन महिने देतो. रात्रपाळीत हलकं खात जा."

पिराजीला कायम व्हायचं होतंच, पण त्याच्या बायकोला, हौसाला, त्याहून जास्त घाई होती. हंगाम संपला की सहा महिने हा माणूस घरात बसून असायचा. ते किती अवघड असतं हे तिलाच विचारा.

हलकं खायचं, अशी पिराजीने मनाशी खूणगाठ बांधली. घरी येऊन त्याने एकेक जिन्नस हातात उचलून पाहिला. भाकरी जड. भात जड. चुरमुऱ्याचं पोतं मात्र एका बोटावर उचललं गेलं. त्या आठवड्यात त्याने तीन पोती चुरमुरे फस्त केले, वर पापडांच्या दोन चळती. वजन भरलं नव्व्याण्णव.

हौसाने कपाळाला हात लावला. "आवं, हलकं म्हंजी कमी. म्होरं आलं की निम्मं घ्यायचं, निम्मं माघारी लावायचं. कळलं का?"

"कळलं की," पिराजी म्हणाला, आणि त्याने मनाशी खूणगाठ बांधली.

त्या रात्री पहिला ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या. पिराजीने एक काट्यावर घेतली आणि दुसरी सोडवून परत पाठवायला लागला.

"आरं, तिच्यातबी ऊसच हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"असू दे. निम्मं माघारी लावायला सांगितलंय."

सकाळपर्यंत अर्ध्या तालुक्याचा ऊस जिथून निघाला तिथे परत गेला. काट्याचे साहेब शिंगटे तरातरा आले. "पिराजी, दारात आलेलं माघारी लावायचं नाही. जेवढं येईल तेवढं सगळं आत घ्यायचं."

पिराजीने मनाशी खूणगाठ बांधली. दुसऱ्याच रात्री कँटीनवाल्याने पाळीवरच्या अकरा माणसांचे वडे त्याच्या केबिनच्या दारात आणून ठेवले. तेहतीस वडे होते. पिराजीने ते सगळे आत घेतले. अकरा माणसं नुसत्या चहाबरोबर तळलेल्या मिरच्या चावत बसली, आणि पिराजीबद्दल जे बोलली ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

वजन गेलं एकशे एकवर. डॉक्टरांचाही आता धीर सुटला. "खाता तेवढा घाम तरी गाळा," ते म्हणाले.

दुपारी हौसा अंगणात आली तर पिराजी उन्हात उघडा बसलेला. छातीला चहाची गाळणी लावलेली.

"ह्ये काय चाललंय?"

"घाम गाळतोय. पन गाळणीत कायसुदिक ऱ्हात न्हाई बघ. लई सोच्छ घाम हाय माझा."

हौसाने आधी गाळणी काढून घेतली, मग शांतपणे सांगितलं, "घाम गाळायचा म्हंजी पळायचं. कामावरबी पळायचं. अन् एकदा पळाय लागलं की थांबायचं न्हाई."

पिराजीने खूणगाठ बांधली आणि तो पळायला लागला. कारखान्यात पळायला सपाट जागा कुठली? वजनकाट्याची. ट्रॉली काट्यावर उभी, आणि तिच्याभोवती पिराजी गोल गोल. केबिनमध्ये वजनाचा आकडा नाचायला लागला. शेतकरी भांडायला आले. मिस्त्रीने काटा तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. सगळ्यांचे डोळे आकड्यावर, पळणाऱ्या माणसाकडे कुणाचंच लक्ष नाही. असा दीड महिना गेला. थांबायचं नसल्यामुळे पिराजीला खायलाही सवड मिळाली नाही.

शेवटी एकदा शिंगटे साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी पिराजीला हाताला धरून थांबवलं. "बाबा रे, माणूस काट्यावर असताना वजन घेत नसतात. माणूस खाली उतरला की मगच वजन घ्यायचं."

पिराजीने मनाशी खूणगाठ बांधली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची मुदत संपत होती.

हौसा त्याला घेऊन दवाखान्यात गेली. पिराजीचे गाल बसले होते आणि विजार नाडीच्या भरवशावर होती. तो वजनकाट्यावर चढला. काटा हलला आणि चौऱ्याऐंशीवर थांबला. हौसाने तो आकडा डोळ्यांनी पाहिला. डॉक्टर चष्मा लावून वाकले, तेवढ्यात पिराजी खाली उतरला.

"चढा."

तो चढला. डॉक्टर वाकले. तो उतरला.

"अहो, उतरता काय?"

"मानूस काट्यावर असताना वजन घेत न्हाईत, डॉक्टर. आता घ्या."

असं चार वेळा झालं. बाहेर पेशंटांची रांग लागली होती. डॉक्टर चिडून म्हणाले, "तुमचं वजन शून्य आहे. शून्यावर सही करू का मी? चार वाजता परत या. काट्यावर पंच्याऐंशी भरलं तरच सही."

पिराजी तडक घराकडे निघाला. हौसा मागे थांबली. तिने डॉक्टरांना हात जोडले, काटा कितीवर थांबला होता ते सांगितलं, नवरा कसा आहे तेही सांगितलं. डॉक्टरांना हसू आलं. "चारला आणा त्यांना. मी स्वतः त्यांचे खांदे धरून उभा राहतो. चौऱ्याऐंशी असेल तर सही पक्की."

हौसा धावतच घरी आली. पिराजी स्वयंपाकघरात मांडी ठोकून बसला होता. भाकरीची दुरडी रिकामी. भाताचं पातेलं रिकामं. शेंगदाण्याचा डबा आडवा झालेला. मांडीवर गुळाची ढेप होती आणि तो तिच्याशी झटत होता.

"आवं, हे काय करताय?"

पिराजीने तोंडातला घास कसाबसा गिळला आणि ढेकर दिला.

"बोलत बसू नगंस, हौसा. चूल पेटव. शून्यापास्नं सुरुवात हाय, चारच्या आत पंच्याऐंशी भरायचंय. आत्ताशी कुठं पाच किलो झालंय."