फुटक्या माठातला खर्ज

फार वर्षांपूर्वी आमच्या तळ्याकडून "घुम्म" असा आवाज यायचा. अजून कानात आहे. तो भिवबा बेडकाचा. त्याला तळ्याच्या गायन मंडळात गायचं होतं.

"भिवबा, गाताय की ढेकर देताय?" मंडळाच्या मुख्य गायिका चिमाबाई म्हणाल्या. "आधी आवाज वर चढवा, मग या."

बिचारा रोज काठावरच्या फुटक्या माठात बसून मेहनत करी. आवाज चढेना, उलट आणखी खाली जाई.

एकदा ऐन मैफलीत बगळा आला. भीतीने सगळ्यांचे उंच गळे बसले. माठातल्या भिवबाला बगळा दिसलाच नाही. त्याने डोळे मिटून सा लावला. आत रेडा बसलाय असं वाटावं, इतका माठ घुमला.

"भिवबा, आणखी खाली!" चिमाबाई कशाबशा कुजबुजल्या.

बगळ्याने उचललेला पाय मागे ठेवला, माठाकडे पाहिलं आणि चालता झाला.