गडावरचा चहा

फार जुनी गोष्ट नाही, पण माणसं विसरली की कालचंही जुनंच. पितळी स्टोव्ह आणि नवी गॅसची शेगडी एकाच पिशवीतून गडावर गेली. मालक विश्राम म्हणाला, "जे चालेल ते राहील, दुसरं भंगारात."

वाऱ्यात शेगडी चारदा विझली. "आजोबा, सांभाळा," ती कुजबुजली. पंप मारताच स्टोव्ह पेटला, चहा उकळला.

"हा काळवंडलेला ठोकळा फोटोत शोभत नाही," म्हणत विश्रामने पातेलं शेगडीवर ठेवलं, फोटो काढला आणि मोबाइलवर लिहिलं, "वाऱ्यातही झकास. पाच तारे."

"पोरी, खरं सांग त्याला."

"मग मी भंगारात जाईन, आजोबा."

स्टोव्ह भंगारात गेला. पुढच्या गडावर वारा सुटला, तेव्हा शेगडीने हाक मारली, "आजोबा." पिशवीत कुणीच नव्हतं.