मुळीची पारख

“ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण एकानं माझ्यावर विश्वास ठेवला असेल तर शपथ!” मरेपर्यंत एक शेळी हेच म्हणत होती. जनावरं बोलायची आणि माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करायची, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

एका राज्यात राणीला मुलगा झाला. नवसाचा. पण राणीला दूध पुरेसं येईना. पोर भुकेनं रडे, त्याच्याबरोबर राणी रडे. दूध पाजायला दाई ठेवावी, तर राजाची शान आडवी आली. “राजाचं पोर दुसरीच्या अंगावर पिणार नाही,” म्हणाला. शहाणाच तो!

त्याच सुमारास चीन देशाकडून व्यापाऱ्यांचा तांडा आला. त्यातल्या एका म्हाताऱ्याजवळ काळी, सुरकुतलेली मुळी होती. तो राजवैद्याला म्हणाला, “हिच्या काढ्यानं गेलेली ताकद परत येते. थकलेल्या गड्याला खुशाल द्या. पाजणाऱ्या बाईला मात्र आमच्या जाणत्या म्हाताऱ्या देत नाहीत. का, ते मला ठाऊक नाही. मी विकणारा माणूस.”

वैद्य हसला. “म्हाताऱ्यांच्या समजुती! आम्ही आधी पारख करतो, मग बोलतो.”

राजवाड्यामागे वैद्याची पारखशाळा होती. पिंजऱ्यांत ससे नि उंदीर, दावणीला शेळ्यामेंढ्या. कुठलंही औषध माणसाच्या आधी त्यांच्या पोटात जाई. वैद्यानं दोन करडांची, नुकतीच व्यालेली शेळी आणवली आणि रोज बांबूच्या नळीनं तिच्या घशात मुळीचा काढा ओतू लागला.

काढा कडूजहर. पण शेळीच ती, रुईचा पाला खाऊन पचवणारी. तिला काही झालं नाही. उलट अंगानं भरली, कास टरारली. वैद्य खूष.

मग थोरलं करडू मान टाकू लागलं. दूध प्यालं की पाय ताठ करायचं. एका सकाळी सड तोंडात तसाच धरून ते गेलं.

शेळीनं त्याला चाटलं. त्याच्या ओठावर तिचंच दूध होतं, आणि ते काढ्यासारखं कडू होतं. समजायचं ते ती समजली. धाकटं लुचायला आलं तशी तिनं त्याला लाथ घातली. पुन्हा आलं, पुन्हा लाथ. शेवटी ते रडत शेजारच्या मेंढीकडे गेलं. तिचं कोकरू नुकतंच गेलं होतं. तिनं त्याला पाजलं.

वैद्य येताच शेळी दाव्याला हिसके देत ओरडली, “वैद्यराज, माझं लेकरू मेलं! तुमची मुळी दुधात उतरते!”

“मुळी कुणाला दिली? तुला. तू मेलीस का?”

“नाही.”

“मग झालं तर! पारख तुझी होती, करडाची नव्हती. करडं काय, मरतातच.”

“अहो, मग राणीच्या बाळाचं काय?”

पण वैद्य कास चाचपून निघूनही गेला होता.

पिंजऱ्यातला म्हातारा ससा म्हणाला, “कशाला तोंड शिणवतेस, बाई? इथं कोण जगलं तेवढं बघतात. कोण काय बोललं, ते नाही.”

“तू पाहिलंस ना डोळ्यांनी? मग तू तरी सांग.”

“मला उद्याचं गवत खायचंय,” ससा म्हणाला आणि पाठ फिरवून बसला.

पुढं वैद्यानं शेळीला दरबारात नेलं. तिची कास बघून राजा खूष झाला. शेळी आवाज फुटेपर्यंत ओरडली, “राणीसाहेब, पिऊ नका! माझं लेकरू गेलंय!”

राणी दचकली. आईच ती. तिनं वैद्याला विचारलं, “हिला पोरं किती?”

“दोन होती. एक गेलं. दुसरं उड्या मारतंय, राणीसाहेब. मुळीत खोट असती तर तेही जगलं नसतं.”

“थोरलं गेल्यापासून ते माझं दूध प्यालंच नाही! मी त्याला लाथा मारून हाकललंय!”

“ऐकलंत?” वैद्य म्हणाला. “पोटच्या पोराला लाथा मारणारी ही. हिचं काय ऐकायचं?”

सगळा दरबार हसला. आत बाळ भुकेनं कळवळून रडत होतं. राणीनं शेळीकडे एकदा पाहिलं, बाळाच्या रडण्याकडे कान दिला, आणि काढ्याचा पेला तोंडाला लावला.

राणीला दूध आलं, भरपूर आलं. बाळ पोटभर प्यालं. आणि करडू जसं गेलं, तसंच तेही गेलं.

राजानं तलवार उपसली. “हे कुणी केलं?”

व्यापारी केव्हाच पुढच्या गावाला गेला होता. वैद्य हात जोडून म्हणाला, “महाराज, माझ्या पारखेत खोट नाही. पण या शेळीला सगळं ठाऊक होतं. नाहीतर तिनं धाकट्याला दूरच का ठेवलं? स्वतःचं पोर राखलं आणि आपल्या राजपुत्राला मरू दिलं!”

“मी सांगत होते की! तुम्ही सगळे हसत होतात!”

दरबारात कुणालाच आपण हसल्याचं आठवेना. सशाला आणून विचारलं. तो म्हणाला, “मी गवत खात होतो, महाराज.”

शेळीला सुळी दिलं. वैद्याला नवी शेळी मिळाली. दवंडी पिटायची, दगड कोरायचा, तर नुसतं ‘शेळी’ लिहून कसं भागावं? राज्यात शेळ्या पुष्कळ. म्हणून शिपाई तिच्या जुन्या धनगरणीकडे गेले आणि तिनं हौसेनं ठेवलेलं नाव विचारून आले.

पोरांनो, थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्यांना वेळेवर खरं ऐकायचं नसतं, ते मागाहून खरं सांगणाऱ्यालाच खुनी ठरवतात.

त्या राज्याच्या वेशीवर दगड उभा आहे. राजपुत्राचा घात करणारी म्हणून त्यावर एकच नाव कोरलंय: हौसा.