दातोळीत बेल उचलत नाहीत

थांबा, ते पान खालीच राहू द्या. फुलं वाहा, धोत्रा वाहा, नारळ फोडा. भैरोबा गोड मानून घेतो. पण या अंगणातला बेल इथं कुणी देवाला वाहत नाही. झाड केवढं आहे बघा, दोघांच्या कवेत मावायचं नाही. खाली पानांचा सडा पडतो, तो आम्ही झाडतो आणि बुंध्याशीच लोटतो. भैरोबा म्हणजे शंकराचंच रूप, आणि त्यालाच बेल नाही, असं दुसरं देऊळ तुम्हांला सापडणार नाही. नवा माणूस विचारतोच, असं का म्हणून. माझ्या आज्यानं मला जसं सांगितलं, तसंच सांगतो. बसा या पायरीवर.

वर दिसतोय तो दातोळगड. फार पूर्वी त्याच्यावर एका लहानशा राज्याची गादी होती. वर घाटमाथा, खाली कोकणात उतरणाऱ्या दोन वाटा आणि मधली पंचवीस-तीस गावं, एवढंच ते राज्य. सिदोजीराव नावाचे राजे तिथं नांदत होते, असं सांगतात. राणीसाहेबांना बरीच वर्षं मूल नव्हतं. त्याच दिवसांत वाड्यात राबणाऱ्या चिमा नावाच्या कुणबिणीच्या पोटी राजांना मुलगा झाला. कुणबीण म्हणजे विकत आणलेली दासी. तिच्या पोटच्या राजाच्या मुलाला लेकावळा म्हणत. रक्त राजाचं, पण हक्क कशावरच नाही. या लेकावळ्याचं नाव चांगोजी.

राजांचा त्याच्यावर जीव होता. त्याला स्वतः घोड्यावर बसवलं, तलवार हातात दिली. पण जेवायची वेळ झाली की राजांच्या पंगतीत त्याला पाट नसे. पहिली पंगत उठली की दुसरीत, शिलेदारांच्या शेवटी त्याचं पान. लहानपणी एकदा तो हट्टानं राजांच्या शेजारी जाऊन बसला. राजांनी फक्त हातातला घास ताटात ठेवला आणि तो उठेपर्यंत तसेच बसून राहिले. पोर समजायचं ते समजलं. पुन्हा कधी तो तिकडं गेला नाही.

चांगोजी दहा वर्षांचा असताना राणीसाहेबांना मुलगा झाला. नगारे वाजले, साखर वाटली. बाळाचं नाव जैतराव. आता हा लेकावळा त्या बाळाचा दुस्वास करणार, असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. जैतराव चालायला शिकला तो चांगोजीचं बोट धरून. गडावरच्या टाक्यात पोहायला शिकला तो त्याच्या पाठीवर बसून. त्याला दादा म्हणायचा. राणीसाहेबांनी दोनदा दटावलं, तरी दादाच म्हणायचा. साऱ्या गडावर चांगोजीला नात्यानं हाक मारणारा तेवढा एकच जीव होता. आई सोडली तर.

जैतराव आठ वर्षांचा झाला आणि सिदोजीरावांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी त्यांनी दोन्ही मुलांना याच देवळात आणवलं. स्वतः पालखीतून आले. ताटात बेलाची पानं आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, ठेवली होती. बेल-भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडायचा नसतो, अशी त्या काळची रीत. राजे चांगोजीला म्हणाले, "गादी त्याची आहे. तू त्याची ढाल हो. माझ्यामागं गादीवर डोळा ठेवणार नाहीस, असं देवापुढं सांग."

अठरा वर्षांच्या चांगोजीनं बेल उचलला आणि बापाला शब्द दिला.

राजे गेले. चितेला अग्नी द्यायचा मान जैतरावाचा. पोराला पलिता धरवेना. चांगोजीनं मागून त्याचं मनगट धरलं, तर शास्त्रीबुवांनी त्याचा हात बाजूला केला. थोरला मुलगा होता तो. चार पावलं मागं सरून उभा राहिला आणि बापाची चिता दुरून बघितली.

पुढची दहा-अकरा वर्षं राज्य राखलं ते चांगोजीनं. कारभार शिवदेव नावाच्या कारभाऱ्याकडं होता, पण घाटवाटा, चौक्या, गडाची शिबंदी, म्हणजे गडावरची शिपाई माणसं, सगळं चांगोजी बघायचा. आणि मग पातशाही फौज आली. खान म्हणत तिच्या सरदाराला. पुढचं नाव कुणाला ठाऊक नाही. राजघराणं पलीकडच्या खोऱ्यातल्या वाड्यात हलवलं आणि चांगोजी तीनशे माणसांनिशी गडावर राहिला.

आठ महिने वेढा पडला होता, म्हणे. वर नाचणी होती, वरई होती, टाक्यांत पाणी होतं, तरी ते मोजूनच वापरायचं. रोज आधी माणसं जेवायची आणि शेवटी चांगोजी. गडाचा म्हातारा हवालदार रुमाजी एकदा म्हणाला, "तुम्ही पहिल्या पंगतीला बसा जी, तुमच्याखातर सगळे लढतायत." चांगोजी हसला. "मला सवय नाही, रुमाजी. घास उतरणार नाही."

खानानं तीनदा सुलतानढवा केला, म्हणजे चहूकडून एकदम चढाई, आणि तिन्ही वेळा माघार घेतली. खोऱ्यातल्या गावांत गडाला लोक चांगोजीचा गड म्हणायला लागले. जात्यावर दळणाऱ्या बायकांच्या ओवीत चांगोजीच्या नावापुढं राजा आलं. ती ओवी एक दिवस जैतरावाच्या कानावर गेली. एकोणीस वर्षांचा झाला होता तो. शेजारी शिवदेव कारभारी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "लोक कुणाला राजा म्हणतात, ते राजानं ऐकून ठेवावं."

संशयाचं बीज पडायला तेवढं पुरलं.

इकडं खानही टेकीला आला होता. पावसाळा तोंडावर, दाणावैरण संपत आलेली, आणि रिकाम्या हातानं पातशहासमोर जायची सोय नाही. त्यानं जैतरावाकडं बोलणं लावलं. राज्य तुमचं तुम्हांला ठेवतो, वर्षाची खंडणी द्या. मात्र ज्यानं आठ महिने आमची माणसं मारली तो चांगोजी आमच्या हवाली करा. शिवदेवानं बोलणी केली आणि जैतरावानं मान हलवली.

मग गडावर कागद आला. कारकुनानं वाचून दाखवला. तह झाला आहे, वेढा उठणार आहे, भैरोबाच्या देवळात देवापुढं बोलून सगळं पक्कं करायचं आहे, तरी चांगोजीनं खाली यावं. त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, याबद्दल स्वतः राजे बेल-भंडारा उचलतील.

चिमा तेव्हा गडावरच होती, शिबंदीच्या भाकरी थापायची. तिला अक्षर येत नव्हतं. हाताचं पीठ तसंच ठेवून ती बाहेर आली आणि कारकुनाला तिनं एकच विचारलं.

"कागदात दादा म्हटलंय का?"

कारकुनानं खाली बघितलं. कागदात नुसतं चांगोजी होतं.

"दरबारी कागद असाच लिहितात, आई," चांगोजी म्हणाला.

"राजाची शपथ राजांसाठी असते, बाबा. कुणबिणीच्या लेकासाठी नसते."

"तो माझ्या पाठीवर पोहायला शिकलाय. तो खोटी शपथ घेईल?"

ती वळली. आत गेली आणि भाकरी थापायला लागली. चांगोजी खाली उतरला.

देवळात जैतराव आधीच आला होता. वर्षभरानं भाऊ दिसला, तसा चांगोजी रीतभात विसरून भराभर पुढं गेला. जैतरावानं त्याला मिठी मारली. मग ताट आणलं. जैतरावानं बेल उचलला, भंडारा कपाळाला लावला आणि चांगोजीच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "माझ्या राज्यात तुझ्या केसाला धक्का लागणार नाही." शब्द न अडखळता बोलला, असं सांगतात.

शिवदेव म्हणाला, "आता देवापुढं हत्यार ठेवा आणि दर्शन घ्या." रीतच होती ती. चांगोजीनं तलवार काढून उंबऱ्याशी ठेवली, आत जाऊन डोकं टेकलं. वळून बघतो तर दारात खानाची माणसं. तलवार उंबऱ्यावर नव्हती. त्यानं भावाकडं बघितलं. जैतराव जमिनीकडं बघत होता. शिवदेवच पुढं होऊन म्हणाला, "राजांचा शब्द त्यांच्या राज्यापुरता आहे. नदीपलीकडचं त्यांनी काही बोललेलं नाही."

चांगोजीनं हात बांधून घेतले. झटापट केली असती तर दोघा-चौघांना लोळवलं असतं त्यानं, पण हात वरच आले नाहीत, असं म्हणतात. माणूस समोरच्या वाराला उभा राहतो. हा वार कुठून आला, तेच त्याला अजून कळत नव्हतं.

नदी ही राज्याची शीव, आणि तिच्या पलीकडं खानाचा तळ होता. खान लढवय्या होता, त्याला शूर माणसाची किंमत होती. त्यानं चांगोजीचे हात सोडायला लावले, समोर बसवलं आणि म्हणाला, "मला एक समजत नाही. थोरला तू, लढलास तू, आणि गादीवर ते पोर. पातशहाला इमान दे. मी फर्मान आणतो, तू दातोळगडाचा राजा हो."

"गादीवर डोळा ठेवणार नाही, असा शब्द दिलाय मी."

"ज्याला दिलास, त्यानंच तुला विकलं."

"त्याला नव्हता दिला. बापाला दिला होता."

खान उठून उभा राहिला. मग म्हणाला, "तर माझा इलाज नाही. पातशहानं तुझं डोकं मागितलंय. भावाला काही निरोप द्यायचा असला, तर सांग."

"निरोप नाही. एक विचारायचंय, तुम्हांलाच. त्यानं बेल उचलला, माझ्याकडं बघून बोलला, तेव्हा त्याला हे ठाऊक होतं? की कारभाऱ्यानं त्याच्याआडून केलं?"

खानाला खोटं सांगता आलं असतं. मरणाऱ्या माणसाला तेवढं सुख देता आलं असतं. पण तो म्हणाला, "चार दिवस आधी ठरलं होतं. अटी वाचून दाखवल्या, तेव्हा मी तिथं होतो. नदी ओलांडून न्या, हे वाक्य त्यानंच घालायला लावलं."

त्यानंतर चांगोजीला पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी त्याला मारलं. वय एकोणतीस.

वेढा उठला, जैतराव गडावर परतला. त्या वर्षीचा दसरा आला. सोनं लुटून झालं की गादीचे सतरा मानकरी या देवळात जमायचे, एकेकानं बेल उचलून राजाशी इमान राखायची शपथ घ्यायची, अशी चाल होती. जैतराव बैठकीवर बसला. ताट आधी रुमाजी हवालदारासमोर आलं. म्हातारा ताटाकडं बघत राहिला. हात जोडले आणि म्हणाला, "उचलला असता, महाराज. पण या पानाला आता वजन राहिलं नाही."

ताट पुढं गेलं. दुसऱ्यानं उचललं नाही, तिसऱ्यानं नाही. कुणी वाईट शब्द बोललं नाही की तलवारीला हात घातला नाही. सतरा माणसांपुढून ते ताट फिरलं आणि भरलेलंच परत आलं.

तेवढ्यात चिमा आत आली. मानकऱ्यांच्या बैठकीत दासीनं पाऊल टाकायचं नसतं, पण तिला कुणी अडवलं नाही. ती सरळ ताटाकडं गेली. जैतराव उठून उभा राहिला. लहानपणी तिच्या हातची भाकरी खाल्लेला मुलगा तो.

"चिमाई," तो म्हणाला, "मला सांगितलं होतं, की नुसतं कैदेत ठेवतील."

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. "कुणाची शपथ घेऊन सांगितलं होतं?"

चिमानं ताट उचललं, बाहेर अंगणात आली आणि सगळी पानं या झाडाच्या बुंध्याशी ओतली. मोठ्यानं बोलली नाही, तरी बाहेर जमलेल्या गावानं ऐकलं. "इथून पुढं या देवापुढं कुणी बेल उचलू नये. ज्याला खरं बोलायचंय, त्यानं नुसतं बोलावं."

राजाचा हुकूम नव्हता, धर्मपीठाचं पत्र नव्हतं. एका कुणबिणीचं बोलणं ते. पण गावानं ते मानलं.

तिसऱ्या वर्षी पुन्हा फौज आली, तेव्हा गडावर लढायला माणूस उभा राहिला नाही. जैतराव चोरदिंडीतून, म्हणजे तटातल्या लपवलेल्या लहान दारातून, निघून गेला. कुठं गेला, कसा मेला, त्याची आख्यायिका नाही. कुणी जपलीच नाही. शिवदेवाचंही कुणी नाव ठेवत नाही पोराला. चिमा मात्र याच गावात राहिली, भाकरी थापून जगली, असं सांगतात.

आजही दातोळीत शपथ घालत नाहीत. पंचांपुढं वाद आला, तर माणूस उभा राहतो, आपलं नाव सांगतो आणि झालं तसं बोलतो. लग्न ठरवताना दोन्हीकडचे म्हातारे एकमेकांना नुसतं "बरं" म्हणतात, त्यावर मांडव पडतो. असं नाही की इथं कुणी खोटं बोलतच नाही. माणसंच आहोत आम्ही. पण खेळता खेळता एखादं पोर तावातावानं म्हणालं, "देवाशपथ, मी नाही घेतलं!", तर त्याची आई हातातलं काम थांबवते आणि म्हणते, "शपथ कशाला घालतोस रे? खोटं बोलायचंय का?"